मास्तरांची शेगडी

सारायेवोत नवं संग्रहालय उभं राहतंय आणि त्याला नव्वदच्या दशकातल्या वेढ्याच्या दिवसांतल्या घरगुती वस्तू हव्या आहेत, ही बातमी झेनित्सातल्या एका चौथ्या मजल्यावर सकाळच्या दुसऱ्या कॉफीबरोबर पोचली. एश्रेफमास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि जाहीर केलं, "आपली शेगडी जाणार."

त्यांची बायको शेफिका कांदा चिरत होती. "कुठं जाणार?"

"इतिहासात."

"मग जाताना तिच्यावरच्या लोणच्याच्या बरण्या खाली उतरवून जाऊ दे," शेफिका म्हणाली आणि तिनं दुसरा कांदा घेतला.

शेगडी बाल्कनीत होती. वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात, सारायेवोच्या दोब्रिन्या भागातल्या जुन्या घरात ती जन्माला आली. वीज नाही, गॅस नाही, खिडक्यांना काचांऐवजी प्लास्टिक, आणि बंद पडलेल्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याची ही शेगडी. तिच्या पोटात घरातल्या चार खुर्च्या, एक कपाट, मास्तरांचे पाच खंडांचे नकाशे आणि लग्नातले बूट गेले. तिनं ते सगळं पचवलं आणि बदल्यात रोज एक भांडं भात शिजवून दिला. लढाई संपल्यावर मास्तर मुलीच्या शेजारी राहायला म्हणून झेनित्साला आले, तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात आधी शेगडी चढली होती.

मास्तरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. बोस्नियातल्या कुठल्याही डोंगराची उंची त्यांना झोपेतून उठवून विचारावी. पण त्यांनी हातात पक्कड घेतली की घरातली माणसं आधी आयोडीनची बाटली शोधत. त्यामुळे या माणसानं गोळीबारात बसून स्वतःच्या हातानं शेगडी केली, ही गोष्ट सगळ्यांना फार थोर वाटायची. मास्तर ती लग्नात सांगत, मयताच्या कॉफीला सांगत, न्हाव्याकडे गळ्याभोवती फडकं बांधलेलं असतानाही सांगत. सुरुवातीला शेगडी तीन दिवसांत झाली होती. पुढं ती एका दिवसात होऊ लागली. गेल्या वर्षी तर दुपारच्या जेवणानंतर हातात घेतली आणि चहाच्या आत उरकली.

आता वाचकांपासून काय लपवायचं? शेगडी मास्तरांनी केलेली नव्हती. शेफिकानं केली होती. हे मास्तरांना माहीत होतं, शेफिकाला माहीत होतं आणि बत्तीस वर्षांत दोघांनी त्यावर एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता. माणूस एखादी गोष्ट इतकी वर्षं सांगत राहिला की ती त्याच्याच मालकीची होते. मास्तरांना हल्ली आपण मारलेल्या हातोडीचे आवाजसुद्धा आठवू लागले होते.

मग संग्रहालयाचा अर्ज आला. वस्तूचं नाव, साल, धातू वगैरे झाल्यावर सातव्या रकान्यात लिहिलं होतं: 'निर्मात्याचं पूर्ण नाव. हे नाव वस्तूशेजारच्या पाटीवर कायमचं कोरलं जाईल.' कायमचं या शब्दाशी मास्तर जरा थबकले. मग त्यांनी फळ्यावर लिहायच्या त्यांच्या वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

शेफिका हात पुसत मागं येऊन उभी राहिली. तिनं वाचलं आणि म्हणाली, "हं."

त्या 'हं'नं मास्तरांची दोन दिवस झोप उडवली. शेफिका भांडणारी बाई होती. टोमॅटो दबलेले निघाले तर अर्धा बाजार तिच्या धाकात यायचा. अशा बाईनं नुसतं 'हं' म्हणावं? पण अर्ज तर पोस्टात पडला होता आणि राजधानीतून उत्तरही आलं होतं: गुरुवारी अकरा वाजता वस्तू घेऊन यावं, कार्यालय तीनला बंद होतं.

इथं शेजारच्या फादिलचा प्रवेश होतो. फादिल पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. धातूच्या बाबतीत झेनित्सात त्याचा शब्द शेवटचा, निदान त्याच्या मते. शेगडी बघून तो बाल्कनीच्या उंबऱ्यावरच बसला.

"मास्तर, ही अशी नेणार? राजधानीत?"

"का? काय झालं?"

"गंज बघा. लोक म्हणतील, झेनित्साचा माणूस आणि त्याला लोखंड सांभाळता येत नाही. गावाची अब्रू आहे."

गावाची अब्रू म्हटल्यावर मास्तर कामाला लागले. तीन दिवस ते तारेच्या ब्रशनं शेगडी घासत होते आणि फादिल स्टुलावर बसून कॉफी पीत 'कोपऱ्यात, कोपऱ्यात' म्हणत होता. चौथ्या दिवशी त्यानं कुठूनसा चंदेरी रंग आणला. एक हात मारला, मग फादिल म्हणाला की एका हातानं नुसता अपमान होतो, म्हणून बुधवारी संध्याकाळी दुसरा मारला. शेगडी अशी चमकायला लागली की बाल्कनीतली मांजर तिच्यात स्वतःला बघून फिस्कारली.

"छान," शेफिका म्हणाली. "आता ही कधी पेटली होती असं कोणाला वाटायला नको."

गुरुवारी सकाळी बसच्या ड्रायव्हरनं शेगडीकडे बघून विचारलं, "हे काय आहे?"

"ऐतिहासिक वस्तू," मास्तर म्हणाले.

"सामानाची जागा भरलीय. सीटवर ठेवायची तर तिकीट पडेल. दहा वर्षांखालची असेल तर अर्धं."

"बत्तीस वर्षांची आहे."

"मग पूर्ण," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं खरोखर पूर्ण तिकीट फाडलं. मास्तरांनी शेगडीला खिडकीची जागा दिली.

दहा वाजता ते सारायेवोच्या स्थानकावर उतरले. संग्रहालय तिथून हाकेच्या अंतरावर होतं, काचेच्या नव्या उंच इमारतीत तळमजल्यावर. तो काचेचा मनोरा स्थानकातूनच दिसत होता आणि शेजारी आणखी दोन वर चढत होते. मास्तरांनी पाऊल उचललं, तेवढ्यात शेफिकाला जुन्या घराची शेजारीण आठवली. "आधी स्लोबोदान्काकडे," ती म्हणाली.

"दोब्रिन्याला? ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. वेळ अकराची आहे."

"चार वर्षांनी शहरात आलो आणि दारावरून न सांगता गेलो, हे तिला कळलं तर? आणि तिला कळणारच. उभ्या उभ्या कॉफी घेऊ आणि निघू. दहा मिनिटं."

बोस्नियात दहा मिनिटांची कॉफी कोणी प्यालेली नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तरी दरवेळी माणूस फसतो. त्यांनी शेगडी स्थानकाच्या सामानघरात ठेवायची म्हटली, तर खिडकीतल्या बाईंनी नियम वाचून दाखवला की ज्वलनशील साधनं ठेवता येत नाहीत. "ही पेटत नाही हो आता," मास्तर म्हणाले. "मग हिला शेगडी का म्हणता?" बाईंनी विचारलं. या प्रश्नाला भूगोलात उत्तर नव्हतं. शेगडी विजेच्या ट्रॉलीबसमध्ये चढली.

ट्रॉलीबसमध्ये खरा घात झाला. रंगाचा दुसरा हात अजून ओला होता. हीटर चालू, दारं बंद, आणि दोन थांब्यांत सगळ्या गाडीत असा वास कोंडला की लोकांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मास्तरांनी उठून खिडकी उघडली. लगेच चार जणी ओरडल्या.

"बंद करा. झुळूक लागेल."

"अहो, वासानं गुदमरतोय आपण."

"वासानं कोणी मेलेलं ऐकलं नाही. माझ्या दिराला झुळूक लागली आणि मान वाकडी झाली ती झालीच."

या शहरानं साडेतीन वर्षांहून जास्त काळ तोफा सोसल्या, पाण्याच्या रांगेत गोळ्या चुकवल्या. पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवून बसायची हिंमत इथं आजही कोणाची नाही. सगळी गाडी रुमाल नाकाला लावून, डोळे पुसत, खिडक्या घट्ट बंद ठेवून दोब्रिन्याला पोचली. उतरताना एका आजीबाईंनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नका. काय झालंय? कोण गेलं?"

स्लोबोदान्का ऐंशीची, पण नजर सुईची. तिनं दारातच दोघांना सपाता दिल्या, शेफिकाच्या हातातली कॉफीची पुडी आणि साखरेच्या वड्या 'कशाला आणलंत' म्हणत काढून घेतल्या, आणि मग शेगडीकडे पाहिलं.

"हिचं लग्न ठरलंय का?"

"संग्रहालयात चाललीय," मास्तर म्हणाले.

"मग वरचा योझो आल्याशिवाय कसं चालेल?" तिनं पळीनं गरम पाण्याच्या पाइपवर तीन ठोके दिले. युद्धापासून त्या जिन्यातला फोन हाच. योझो हा निवृत्त नळकारागीर, उंच, वाकलेला, दोन मिनिटांत हजर झाला. त्यानं शेगडीचा धुराचा पाइप हातानं चाचपला.

"हा पाइप माझा आहे. माझ्या न्हाणीघरातला."

"मग?"

"पाटीवर माझं नाव येणार ना?"

"राखेचा ट्रे माझ्या पावाच्या साच्याचा आहे," स्लोबोदान्का म्हणाली. "मला पाटीचं काही नाही. पण साचा माझ्या आईचा होता, हे लिहिलं तर बरं."

पहिली कॉफी झाली. मग पालकाचं पिटा आलं, पातळ पोळीत भाजी गुंडाळून भाजलेलं, कारण ते कालच केलेलं होतं आणि नाही म्हटलं असतं तर स्लोबोदान्का पुढची चार वर्षं तेच बोलली असती. मग दुसरी कॉफी. योझो सारखा मास्तरांच्या पाठीवर थाप मारत होता. "काय माणूस! बर्फ पडतंय, वर तोफा, आणि हा पत्रा कापतोय. मी सगळीकडे सांगतो, एश्रेफसारखा माणूस नाही." मास्तर पिट्याच्या तुकड्याकडे बघत होते. शेफिका खिडकीतून नव्या इमारती मोजत होती. स्लोबोदान्का दोघांकडे बघून गालातल्या गालात हसत होती. मास्तरांनी घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वा वाजला होता.

शेवटी चौघं निघाली. पाइपवाल्याला आणि साचेवालीला मागं ठेवण्याची सोयच नव्हती.

काचेच्या मनोऱ्याला गोल फिरणारं दार होतं. योझो शेगडी घेऊन आत शिरला आणि अर्ध्या फेरीत दार थांबलं. पाइप एका काचेला, पाय दुसऱ्या काचेला. योझो आत काचेच्या बरणीतल्या मिरचीसारखा उभा. बाहेर खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसं गोळा झाली आणि मग जे व्हायचं तेच झालं.

"आमच्याकडे अशीच होती, पण पाइप डावीकडून."

"डावीकडून धूर घरात यायचा."

"आम्ही स्की जाळल्या. लाकूड चांगलं पेटायचं."

"आम्ही सासूबाईंचा पियानो. वर्षभर चुली पेटल्या त्याच्यावर. सासूबाई अजून बोलत नाहीत."

सुरक्षारक्षक धावत आला आणि तोही पाइप कुठून हवा यावर बोलायला लागला. पाऊण तास गेला. शेवटी काचवाला आला, त्यानं एक झडप सोडवली आणि योझो बाहेर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. योझोच्या कोटावर चंदेरी पट्टे उठले होते.

तीनला दहा कमी असताना ते संग्रहालयाच्या अभ्यासक डॉक्टर मेर्सिहांच्या टेबलासमोर पोचले. चाळिशीच्या बाई, केस बांधलेले, समोर मास्तरांचा अर्ज. त्यांनी शेगडीभोवती एक फेरी मारली.

"मास्तर, ही नवीन आहे."

"नवीन?" मास्तरांचा आवाज चिरकला. "बाई, या शेगडीवर मी तीन हिवाळे काढले."

"पण गंज कुठं आहे?"

"घासून काढला. तीन दिवस लागले."

मेर्सिहांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आम्हाला गंज हवा होता. गंज, काजळी, डाग. गेल्या महिन्यात तिघांनी जत्रेतून शेगड्या आणून वेढ्याच्या म्हणून दिल्या. आता रंग मारलेली वस्तू मी कशी मान्य करू?" मास्तरांचा चेहरा बघून त्यांचं मन विरघळलं असावं. "एक करता येईल. रंगाखाली काय आहे हे करणाऱ्यालाच ठाऊक असतं. तुम्ही सांगा, मी तिथं थोडं खरवडून बघते. जुळलं तर शेगडी आमची आणि पाटीवर नाव तुमचं."

"विचारा."

"दाराला बिजागरी कशाची?"

"स्क्रूची," मास्तर ठासून म्हणाले.

मेर्सिहांनी लहान सुरीनं खरवडलं. स्क्रू नव्हता. "दार कशाचं आहे?"

"पत्र्याचं."

"कुठल्या पत्र्याचं?"

"चांगल्या," मास्तर म्हणाले.

योझोनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू गोंधळात बदलत होतं. मेर्सिहांनी अर्ज बंद केला. "माफ करा. मला तुम्ही खोटं बोलता असं म्हणायचं नाही. पण ही मला घेता येणार नाही."

मास्तरांनी शेफिकाकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पर्सचं बक्कल उघडत होती आणि लावत होती. तिच्या एका वाक्यात सगळं सुटलं असतं. ती वाक्य बोलणार नव्हती. शेगडी पुन्हा ट्रॉलीबसमधून, बसमधून, पूर्ण तिकीट काढून बाल्कनीत गेली असती, तिच्यावर बरण्या चढल्या असत्या, आणि तरी ती चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणार नव्हती. मास्तरांना एकदम इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि लाजेच्या मागोमाग तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की काय करावं कळेना.

"ही शेगडी मी केलेली नाही," ते म्हणाले. "हिनं केलीय. मी बत्तीस वर्षं लोकांना खोटं सांगतोय."

शेफिकानं पर्स बाजूला ठेवली.

"दार मदत म्हणून आलेल्या तेलाच्या डब्याचं आहे," ती म्हणाली. "आतल्या बाजूला लाल अक्षरं असतील, उलटी लागलीयत. बिजागरी छत्रीच्या काडीची. पत्रा माझ्या शिवणाच्या कात्रीनं कापला, कात्री त्यात गेली. डाव्या पायाशी एक जागा वाकडी आहे, तिथं मी अंगठा कापून घेतला होता."

मेर्सिहांनी दाराच्या आतून खरवडलं. चंदेरी रंगाखालून लाल अक्षरं निघाली, उलटी. बिजागरीत छत्रीची काडी होती. डाव्या पायाशी जागा वाकडी होती. त्यांनी सुरी खाली ठेवली. "मग हे इतकी वर्षं तुम्ही कोणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगायचं काय त्यात?" शेफिका जरा रागानंच म्हणाली. "त्या हिवाळ्यात याची शाळा बंद पडली. हा माणूस पाण्याच्या रांगेत चार तास उभा राहायचा, रिकामी कॅन घेऊन यायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवण सोडलं होतं. मी शेगडी केली त्या संध्याकाळी हा योझो शेकायला आला. विचारलं, कोणी केली? माझ्या तोंडून निघून गेलं, एश्रेफनं. तर हा ताठ बसला. योझोनं पाठ थोपटली. त्या दिवशी यानं दोन वाट्या भात खाल्ला. मग मी ते परत कसं मागून घेणार?"

योझोनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. "म्हणजे मी बत्तीस वर्षं भलत्याचीच पाठ थोपटतोय."

"मला तेव्हापासून माहीत होतं," स्लोबोदान्का म्हणाली. "पत्रा धरायला मी होते ना."

तीन वाजून गेले होते, पण मेर्सिहांनी कार्यालय बंद केलं नाही. त्यांनी नवा अर्ज काढला आणि मास्तरांसमोर सरकवला. मास्तरांनी सातव्या रकान्यात शेफिकाचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. वळणदार अक्षर मात्र साधलं नाही. शेफिका वाकून वाचत होती. या वेळी ती 'हं' म्हणाली नाही. तिनं बोटानं डोळ्याची कड पुसली आणि म्हणाली, "रंगाचा वास अजून जात नाहीये."

महिन्यानं संग्रहालय उघडलं. अर्धवट खरवडलेली शेगडी काचेत उभी होती, पाइपखाली योझोचं नाव आणि ट्रेखाली स्लोबोदान्काच्या आईचं, बारीक अक्षरात. मास्तर सकाळपासून काचेजवळून हलले नव्हते. जो येईल त्याला धरून ते सांगत होते.

"माझ्या बायकोनं केली. शिवणाच्या कात्रीनं. एका दुपारात."

"तीन दिवस लागले," शेफिका मागून म्हणाली.

"वर तोफा चालल्या होत्या. अंगठ्यातून रक्त येतंय, पण बाई थांबायला तयार नाही. आणि मी मेणबत्ती धरून तिच्याशेजारी उभा."

"मेणबत्ती नव्हती घरात, एश्रेफ. आणि तू झोपला होतास."

मास्तर थांबले. पाहुणे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. मास्तरांनी एकदा काचेतल्या शेगडीकडे पाहिलं, एकदा शेफिकाकडे, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर मेर्सिहांना हाक मारली.

"बाई, पाटीवर एक राहून गेलंय. लिहा, अंधारात केली."